टुबुक बेडकाचा आवाज

बेडकासाठी गळा काढणाऱ्यांनो, गेल्या वर्षी माझ्या घरातला माणूस मेला तवा कुठं तडमडला होता?

आज आमच्या मालकांचं वर्षश्राद्ध झालं. इथंच, निपाणीत, घरी.
गल्ली त्यांना आप्पा म्हणायची.

माणसं कमीच आलती. ज्या पोरांनी आमच्या सोप्यात टीव्हीपुढं लहानपण काढलं, त्यातलं एक बी फिरकलं न्हाय.

नात आली, स्नेहल. बेळगावात टिळकवाडीला राहते, ऑफिसात काम करते. आली तीच डोळे सुजवून.
मला वाटलं, आजोबासाठी रडली असंल.

कुठलं आलंय.

"आज्जी, टुबुकची पार वाट लावली गं त्यांनी!"

टुबुक म्हणजे कार्टूनमधला बेडूक. ही रांगत होती तवापासनं चाललंय ते, अजून संपंना. आता त्यातली खेकडी उचलून तिचं वेगळं कार्टून काढलंय. स्पिन-ऑफ म्हणतात म्हणे. जुनी खेकडी कजाग होती. नवी चष्मा लावून शाळा चालवते आन बेडकाच्या पिल्लांना "बाळांनो" म्हणते.

झालं. मिशा फुटलेली पोरं रडायला लागली.
"आमचं बालपण मेलं."
"खेकडाआक्का, तू नेहमी मनात राहशील."
एकानं तर खेकडीच्या फोटोला हार घातलाय. खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

आप्पा गेले तवा ह्याच पोरांनी स्नेहलच्या पोस्टखाली नुसतं आरआयपी टाकलतं. बोट दुखलं असतं पुढं लिहून.

जेवताना बी तिच्या हातातनं फोन सुटंना.
"ठेव तो. श्राद्धाचं पान हाय समोर."
"आज्जी, तिथं भांडण चाललंय. बेंगळूरच्या पोरी मला खोटारडी म्हणायल्यात."

भांडण असं. स्नेहल आन आमच्या गल्लीतली पोरं कमेंटात लिहीत होती, की खेकडाआक्काचे जुने डायलॉग कंपनीनं मुद्दाम काढले. बाकीचे फॅन म्हणत होते, असले डायलॉग कधी नव्हतेच. पुरावा दाखवा. मराठीत हे कार्टून आलंच न्हाय कधी.

"पण मी ऐकलंय गं! आम्ही सगळ्यांनी ऐकलंय!"
"काय ऐकलंस? वाच बघू."

तिनं वाचलं.

"मरायचं तर मरा, पण आधी पाय धुवा!"

"भूक लागली तर माझ्या तोंडाकडं काय बघताय? माझ्या तोंडात भाकरी हाय व्हय?"

"माझं मढं निघंल तवा तरी दार ओढून घ्या, मांजर शिरतंय!"

माझा घास हातातच राहिला.

ही खेकडीची बोलणी न्हाईत.
माझी हायत. मी आमच्या मालकांना बोललेली. शब्द न् शब्द.

आता ऐका, गल्लीतल्या पोरांनो.

आमच्या केबलला ते कार्टून कानडीत यायचं. तुम्ही बारकी, कानडी कळायचं न्हाय, मग नुसता कालवा. आप्पांना तंबाखूच्या धुळीनं दमा लागला, वखारीतलं काम सुटलं, ते घरीच असायचे. मग मी वखारीत जायची, तंबाखू निवडायला.
हे काय करायचे, तर टीव्हीचा आवाज बंद. आन टीव्हीशेजारच्या खिडकीत बसून सगळ्यांची बोलणी आपणच करायचे. मराठीत. बेडूक तेच, बगळा तेच, खेकडी बी तेच.
तुमचे डोळे पडद्याला चिकटलेले. आवाज कुठनं येतोय, ह्याचं तुम्हाला काय पडलंय?

एकदा वखार लवकर सुटली, तवा मी दारातनं बघितलं. बेडकाचा आवाज काढून काढून खोकत होते.
मी म्हटलं, "दोन घागरी पाणी आणा म्हटलं की दम लागतो. बेडकाला बरा लागत न्हाय!"
घागर उचलली.
खेकडीचं मला कधीच बोलले न्हाईत.

सबंध संसारात ह्या माणसानं मला नावानं हाक मारली न्हाय. "अगं", "ऐकलं का", न्हायतर नुसतं खाकरायचं.
मी दिवसभर दुसऱ्याचा तंबाखू निवडायचा, नाकातोंडात धूळ घ्यायची. आन ह्यांनी माझी खेकडी करून गल्लीला हसवायचं.

हे सगळं मी स्नेहलला सांगितलं.
"म्हणजे... ते आप्पा होते?"
"मग काय, कंपनीचा मालक येऊन बसलता आमच्या खिडकीत?"

तिनं फोन पालथा ठेवला.
म्हणाली, "आज्जी, मला वाटायचं, आप्पांचा आवाज मला आठवतच न्हाय."

"जेव," म्हटलं. "आमटी गार व्हायली."

मग विचारती, "हे मी तिथं लिहू का गं?"
म्हटलं, तू नको. तुझ्यावर कोण विश्वास ठेवंना. मी बोलते, फोन लिहितोय.

तर बेंगळूरच्या पोरींनो, तुमचं बरोबर हाय. असले डायलॉग कार्टूनात नव्हते. पण माझ्या नातीला खोटारडी म्हणायचं न्हाय. तिनं ऐकलंय.

आन आमच्या गल्लीतल्या शहाण्यांनो, कंपनीला शिव्या देऊ नका. तिची खेकडी, ती चष्मा लावंल न्हायतर लुगडं नेसवंल.
तुमची खेकडी मेलेली न्हाय. निपाणीत बसलीय, आहे तशीच कजाग.
मेला तो तुमचा बेडूक.
त्याला वर्ष झालं. तुम्ही खांदा द्यायला बी आला न्हाईसा.
फोटोला हार घालायचाच असंल तर त्या माणसाच्या घाला. भिंतीवर हाय. दार उघडं हाय. येताना पाय धुवा.

आन अहो, तुम्ही.
जिथं असाल तिथं ऐका. श्रद्धांजली कशी लिहितात मला ठावं न्हाय.

परसातनं चिखलाचे पाय घेऊन घरात यायचा. मी वरडायची, मरायचं तर मरा, पण आधी पाय धुवा.
कधी ऐकलं न्हाईसा.

शेवटच्या आंघोळीला पाय मीच धुतले.

जावा आता.