पास आउट

माझा धाकटा भाऊ आखातात वेल्डर होता. तिकडं पक्क्या कामावर घ्यायच्या आधी वेल्डिंगची परीक्षा घेतात. तो दोनदा नापास झाला होता आणि ही शेवटची खेप होती. मी हसनाबादला शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून त्याच्या साहेबाकडं घरचा नंबर माझाच दिलेला होता.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत साहेबाचा मेसेज आला. ‘युवर ब्रदर पास्ड आउट ड्युरिंग द टेस्ट.’ मी डबा तसाच ठेवून उठले. कॉलेज संपवलेल्या माणसाला आपण पास आउटच म्हणतो. मधला ‘ड्युरिंग’ मला दिसला नाही, किंवा दिसला तरी मी घाईत त्याच्यावरून गेले. लगेच पिंपळगावला घरी बाबांना फोन लावला.

“बाबा, पास झाला!”

“बराबर वाचलं का पोरी?”

“बाबा, मी इंग्रजीची बाई आहे.”

संध्याकाळी घरी पोचले, तर बाबा रेणुकाईच्या देवळात पेढे ठेवून आलेले आणि गल्लीत वाटून राह्यलेले. आई हसत होती. ओट्यावर चपला काढते तोच दुसरा मेसेज आला. ‘ही हॅजन्ट कम राउंड. डॉक्टर्स होप ही विल पुल थ्रू.’

त्यातला ‘डॉक्टर’ तेवढा कळला. कम म्हणजे येणे, राउंड म्हणजे गोल, पुल म्हणजे ओढणे. सगळे शब्द पाचवीतल्या पोरांना येणारे, पण भाऊ जिवंत आहे की नाही, हे मला त्यातून काढता येईना. मोबाइलला भाषांतर विचारलं, तर त्यानं ‘तो गोल आला नाही’ असलं काहीतरी लिहून दिलं. मी न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि साहेबाला फोन केला.

“ही इज हँगिंग ऑन,” तो म्हणाला.

हँगिंग! माझ्या डोळ्यांपुढं दोर आला. मी किंचाळले. बाहेरून बाबा दार बडवू लागले.

“काय म्हणून राह्यला त्यो? जल्दी सांग!”

व्याकरण सोडून मी ओरडले, “सर, ब्रदर डेड? ऑर अलाइव्ह?”

तो एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “अलाइव्ह. सिस्टर, अलाइव्ह. बट नॉट अवेक.”

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. परीक्षा चालू असताना उन्हानं भोवळ येऊन भाऊ पडला होता, त्यालाच तो ‘पास्ड आउट’ म्हणत होता. डोकं लोखंडावर आपटलं होतं. सकाळपासून शुद्ध नव्हती. ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणं, ‘पुल थ्रू’ म्हणजे त्यातून वाचणं आणि ‘हँगिंग ऑन’ म्हणजे जीव धरून असणं.

मी कडी काढली. “बाबा, तो पास न्हाई झाला. बेशुद्ध पडलाय. मी चुकीचं वाचलं.”

बाबा भिंतीला धरून खाली बसले. आई माझ्याकडं बघत म्हणाली, “मंग आपण पेढे वाटून राह्यलो, तवा त्यो...”

घरात कुणाकडंच पासपोर्ट नव्हता, त्यामुळं तिकडं जाता येईना. आठ दिवस मी साहेबाला मेसेज करत होते आणि ‘नो चेंज’ एवढंच उत्तर येत होतं. बाबा जेवायला बसायचे आणि ताट तसंच सरकवायचे. माझ्यावर रागावले असते तरी बरं वाटलं असतं, पण ते माझ्याशी बोलतच नव्हते. वर्गात फळ्याकडं तोंड करून मी रडायचे आणि पोरं पाठांतर करायची.

नवव्या दिवशी मेसेज आला, ‘ही केम टू.’ कुठं आला? वाक्य अर्धंच वाटलं. पण अंदाज करायची हिंमत आता माझ्यात नव्हती. मी विचारलं, ‘अवेक?’

‘येस.’

दोन महिन्यांनी त्याला घरी आणलं. उजवा हात उचलता येत नाही. बोलताना शब्द अडकतात. ‘आई’ एवढं म्हणायलासुद्धा त्याला बराच वेळ लागतो. हातातलं काम ठेवून ती तेवढा वेळ त्याच्यासमोर उभी राहते.