छाटणीआधी परत

द्राक्षाची काडी कापली की हिरवट, ओला वास सुटतो आणि मला सासूबाईंची व्हिसाची ती मुलाखत आठवते. नणंदेचं पहिलं बाळंतपण अमेरिकेत होतं आणि आईने जायचंच, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. निफाडहून एसटीने मी त्यांना नाशिकला व्हिसाच्या एजंटाकडे घेऊन गेले. एसीच्या गारठ्यात पदर कानावरून घट्ट ओढून त्या ऐकत बसल्या. शिकायला जाणाऱ्यांचा व्हिसा वेगळा, नोकरीचा वेगळा, लेकीकडे राहून येणाऱ्या आईचा वेगळा, असं एजंटाने समजावलं आणि मुलाखतीचा सराव म्हणून विचारलं, "काकू, मुलगी तिकडे, नातवंड तिकडे. मग तुम्ही परत कशाला याल?" घर आहे, शेती आहे, हे मी पढवलेलं उत्तर त्यांनी सरळ बाजूला सारलं. "कशाला म्हंजे? दसऱ्याच्या पुढं छाटणी हाय ना! काडीवर फुटव्याचे डोळे असत्यात, कितव्या डोळ्यावर कापायची ते मीच सांगते. मजुरांवर सोडली तर बाग वर्षभर रुसंल." एजंट हसला नाही. म्हणाला, "काकू, मुंबईत वकिलातीतल्या साहेबालाही अस्संच सांगा." व्हिसा मिळाला. लेक अजून राहा म्हणत असतानाही, नातवाला न्हाऊमाखू घालून त्या छाटणीआधी बागेत हजर होत्या. आता माझी मुलगी शिकायला परदेशी जायचं म्हणतेय. तिचा व्हिसा वेगळा, पण प्रश्न तोच असणार. काल मी तिच्या हातात कात्री दिली आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, हिला डोळा ओळखायला शिकवा."