रक्तात न सापडणारं औषध

डॉक्टरांनी मला सगळ्यांदेखत खोटारडी ठरवलं. शब्द तो नव्हता, पण अर्थ तोच होता. "ताई, औषध चुकवता का हो मधूनमधून?" असं त्यांनी विचारलं आणि बाकावर बसलेल्या बारामती-इंदापूरकडच्या सगळ्या पेशंटांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं स्वतःची किडनी काढून दिली, आणि मी औषध चुकवीन? मी तिथंच दोन शब्द सुनावले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग ते रक्तात पुरेसं का सापडत नाही?"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि पुण्यात ऑपरेशन करून माझ्यात आईची एक बसवली होती. दुसऱ्याची किडनी शरीर सुखासुखी ठेवून घेत नाही, तिला हाकलायला बघतं. तसं होऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ एक तेलकट औषध काचेच्या ग्लासात, दुधात ढवळून प्यायचं. चव कडू आणि वास त्याहून घाण. ते रक्तात कमी पडलं तर किडनी जाते आणि जास्त झालं तर तेच औषध किडनीला खातं, एवढं मला पढवून ठेवलं होतं. त्यामुळं दर महिन्याला माझा जीव त्या रक्ताच्या रिपोर्टात अडकलेला असायचा.

डॉक्टर पुण्याहून बारामतीला यायचे ते संशोधनासाठी. ऑपरेशन होऊन बरा झालेला माणूस गावी परतला की पुढं त्याची तब्येत का ढासळते आणि ती कशी सुधारायची, हे त्यांना शोधायचं होतं. एका दवाखान्याच्या माडीवर आम्ही उपाशीपोटी, सकाळचं औषध न घेता जमायचो. रक्त काढलं की प्रश्न सुरू. पाणी विहिरीचं की कालव्याचं? गोठ्यात जाता का? लोणचं किती खाता? रोज चालता का? लोणच्यावर संशोधन करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तसं मी त्यांना म्हणालेही. ते हसले होते. त्या दिवशी मात्र हसले नाहीत. त्यांनी माझं औषध वाढवलं. आधीही वाढवलं होतं.

माझं सासर सांगवीचं, माहेर इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. ऑपरेशननंतर आई माझ्याजवळच सांगवीला राहिली होती. लेकीच्या सासरी मुक्काम ठोकायचा म्हणजे तिला अवघड वाटायचं. विहिणीनं वाढलं तर खायचं, दिलं तर प्यायचं, स्वतःहून काही मागायचं नाही. मला जंतूंची बाधा होऊ नये म्हणून बाहेरच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. तिथं मी उकळलेलं पाणी पीत, तोंडाला फडकं बांधून राणीसारखी बसून असायचे. औषध मोजायचं काम सासूबाईंकडं. नवऱ्यानं त्यांना सिरिंजवरच्या रेघा दाखवून दिल्या होत्या. जन्म दूध मोजण्यात गेलेला, त्यामुळं त्यांचं माप कधी चुकायचं नाही. स्वयंपाकघरातून ग्लास घेऊन यायच्या आणि मी तो संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. त्यांच्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती.

पुढच्या महिन्यात आमची गाय व्यायला झाली होती, म्हणून नेहमी माझ्याबरोबर येणाऱ्या सासूबाई घरी थांबल्या आणि पहिल्यांदाच आई आली. एरवी ती दवाखान्याचं नाव काढू द्यायची नाही. किडनी दिल्यानंतरची तिची तपासणी करायचं राहून गेलं होतं, पण "मी काय आजारी हाय व्हय?" एवढंच तिचं उत्तर. नाही म्हणायला तिच्या ओठांवर आणि गालांवर बारीक काळी लव उगवली होती. मी तिला चिडवायचे, "आये, आता फेटा बांध, म्हणजे झालं." हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या, त्याचा दोष आम्ही तिच्या मिश्रीला दिला. हात थरथरायचे, ते वय झालं म्हणून. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडं कारण तयार होतं.

डॉक्टर माझं रक्त घ्यायला सांगून वळले आणि आईकडं बघतच राहिले. "मावशी, जरा आ करा," म्हणाले. मग हात पुढं करायला लावले. मग मला विचारलं, "यांचं ऑपरेशन कुठं झालं? औषध कोण देतं यांना?"

"डॉक्टर, पेशंट मी आहे," मी म्हटलं. "हिनं किडनी दिलीय."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हिरड्या, लव, थरथर, हे सगळे त्याच औषधाचे दुष्परिणाम, जे दिसलेच तर माझ्यात दिसायला हवे होते. त्यांनी आईला हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही कुठलं औषध घेता?"

"लेकीचंच की," आई म्हणाली. "विहीणबाई देत्यात मला माझ्या वाट्याचं."

मला आधी कळलंच नाही. मग आईला खोदून खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. सासूबाई सिरिंज रेघेपर्यंत अचूक भरत होत्या आणि अर्धं औषध माझ्या ग्लासात, अर्धं आईच्या ग्लासात ओतत होत्या. माझ्या रक्तात ते कमी पडलं की डॉक्टर वाढवत होते, आणि जितकं वाढवत होते त्यातलं अर्धं आईच्या पोटात जात होतं. तिच्याकडं उरलेल्या एकुलत्या एका किडनीवर. डॉक्टरांनी आईचं रक्त काढायला लावलं, ब्लडप्रेशर बघितलं. ते भलतंच चढलेलं होतं.

एसटीतून उतरून मी तडक घर गाठलं. घरात पाऊल टाकलं आणि सासूबाईंना धरलं. "आत्याबाई, आईला माझं औषध कशापायी पाजलं?"

त्या नुकत्याच गोठ्यातून आल्या होत्या. त्यांना प्रश्नच समजेना. "कशापायी म्हंजी? कुणी वाटीभर कालवण धाडलं तर आपण वाटी रिकामी लावून देतो का गं माघारी? हितं तर तिनं अंगातलं काढून दिलं. तुज्यात बी एक, तिच्यात बी एक. आन औषध सगळं तुलाच? मला ते बरं दिसंना." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचा आवाज उतरला. "का गं? काय झालं?"

मी सांगितलं. त्या चुलीपाशी मटकन खाली बसल्या. "म्हंजी मी तिला इख पाजलं व्हय?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मला चांगलं कडाकडा भांडायचं होतं. सासूनं छळलं असतं तर भांडताही आलं असतं. पण स्वतःच्या विहिणीला उपाशी ठेवून सुनेला एकटीला वाढायचं नाही, एवढ्याच विचारानं हे केलेल्या बाईला काय म्हणायचं? त्यानंतर त्यांनी त्या बाटलीला हात लावला नाही. माझं औषध मी स्वतः मोजू लागले.

डॉक्टरांनी माझे आतापर्यंतचे सगळे आकडे संशोधनातून काढून टाकले. पुढच्या महिन्यात त्यांनी एकेका पेशंटबरोबर घरात औषध देणाऱ्या माणसालाही बोलावलं आणि त्याच्याकडून समोर औषध तयार करून घेतलं. काटेवाडीच्या एका आबांच्या बाटलीतलं औषध तर फ्रीजमध्ये ठेवल्यानं तुपासारखं थिजलं होतं. डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. आजवर त्यांनी आमचं पाणी, मीठ, लोणचं सगळं विचारलं होतं, पण औषध कोण ओततं आणि कसं ओततं हे कुणालाच विचारलं नव्हतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर कबूलही केलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण राग करायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

माझं रक्त ताळ्यावर आलं. नुसत्या अर्ध्या औषधावर माझ्यातली किडनी इतके महिने टिकली कशी, याचं डॉक्टरांनाही नवल वाटलं. आईची लव गळाली, हातांची थरथर थांबली. तिच्या किडनीचा रिपोर्ट मात्र सुधारत सुधारत एका जागी येऊन अडला. "पूर्वीसारखी नाही होणार," डॉक्टर म्हणाले. "जपायला लागेल."

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यातच माझा बांध फुटला. माणसं बघत होती तरी मी आईवर ओरडले. "इतकं कडू, इतकं घाण लागत होतं, तर बोलली का नाहीस? मला तरी सांगायचंस! तुझ्याकडं एकच उरली होती, तीबी गेली असती म्हणजे?"

आई पायरी बघून जपून उतरत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "गेली असती तर गेली असती. एक तुज्यात हाय न्हवं?"