आतून तपासलेलं कुलूप

किल्लीकाका जात्याच भित्रा माणूस. पाल दिसली की स्टुलावर चढायचा आणि शिपायाची टोपी दिसली की गल्ली बदलायचा. पण कुलूप हातात आलं की त्याच्यासारखा हट्टी माणूस शोधून सापडला नसता. तरुणपणी त्याने बसवलेलं एक कुलूप अडकलं आणि एक म्हातारी संध्याकाळपर्यंत स्वतःच्याच कोठीत कोंडून पडली. बाहेर आल्यावर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून त्याचा नियम काळ्या दगडावरची रेघ झाला : कुलूप दोनदा बाहेरून लावून पाहायचं आणि तिसऱ्यांदा स्वतः आत उभं राहून. त्याशिवाय काम हातावेगळं करायचं नाही. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत.

अशा या माणसाकडे एका सकाळी नगर कचेरीचे दोन जण आले. गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघराला टाळं ठोकायचा हुकूम होता. त्या घरात काका दर रविवारी बायकोला घेऊन जायचा, तिसऱ्या बाकावर बसायचा आणि येशूची गाणी भसाड्या आवाजात म्हणायचा. "मजबूत कुलूप लाव," ते म्हणाले. काकाची पाचावर धारण बसली, पण तोंडून मात्र निघालं, "ते मला जमायचं नाही." आपण हे बोललो यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

कुलूप दुसऱ्या कुणीतरी लावलं, तेही तिरकं. मंडळी बाहेरच्या पायरीवर प्रार्थनेला बसू लागली, आणि दुसऱ्याच रविवारी शिपायांनी काकाला तिथून उचललं. नकार दिलेला माणूस म्हणून त्याच्यावर आधीच डोळा होता. त्याची किल्ल्यांची टपरीही उचलून नेली. सुटायचं तर एका कागदावर सही करायची : यापुढे प्रार्थनेला जाणार नाही.

तीन आठवडे काकाने तग धरला. मग रात्रंदिवसाच्या भीतीने त्याचा धीर खचला. भेटीला आलेल्या बायकोला तो म्हणाला, "अगं, मी सही करतो. माझ्यात दम नाही."

तिने गजावरचा त्याचा हात धरला. "करा. मी बोल लावणार नाही. उद्या येते, काय ते तेव्हाच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पहारेकरी जेवण घेऊन आला, तर कोठडीच्या दारातलं कुलूप अडकून बसलेलं. किल्ली फिरेना, निघेना. त्याने लाथ मारली, शिव्या घातल्या, शेवटी वरमून म्हणाला, "किल्लीवाल्या, बघ ना जरा."

"स्क्रू ड्रायव्हर द्या. आणि तेल बघा कुठे मिळतं का."

पहारेकरी स्क्रू ड्रायव्हर देऊन तेल शोधायला गेला. दार उघडतच नव्हतं, मग त्याला काय घोर! काकाने गजांतून हात बाहेर काढले, कुलपावरचा पत्रा सोडवला, सरकलेली स्प्रिंग जागेवर बसवली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्या हातांना त्यांचं काम मिळालं होतं. किल्ली फिरली आणि दार उघडलं.

तो बाहेर आला. बोळात चिटपाखरू नव्हतं. पलीकडचं अंगणाचं दार सताड उघडं होतं आणि तिथून ऊन दिसत होतं. काकाने ते पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं. मग पत्रा घट्ट केला आणि कुलूप लावून पाहिलं. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा तो आत गेला, दार ओढलं, गजांतून हात काढून किल्ली फिरवली. खट् आवाज झाला, आणि त्याला एकदम हसू फुटलं. आजवर त्याला इथे दुसऱ्यांनी कोंडलं होतं. आता तो स्वतःच्या हाताने आत आला होता, आणि त्याचा देव त्याच्यासोबत आतच होता. मग घाबरायचं कुणाला? त्याने गाणं सुरू केलं, तसंच भसाडं.

पहारेकरी तेलाची बाटली घेऊन दारात थिजला. "अरे, उघडलं होतंस ना?"

"उघडलं होतं. आता नीट लागतंय."

"मग गेला का नाहीस?"

"पळालो असतो तर जन्मभर गल्ल्या बदलत बसलो असतो," काका म्हणाला. "आणि तो कागद साहेबांना परत द्या. सही होणार नाही."

तासाभराने बायको आली. तो गालातल्या गालात हसतोय हे पाहून तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "सही केलीत?"

"नाही. करणारही नाही. अजून किती दिवस ठेवतील, ठाऊक नाही. तुला चालेल?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं आणि पिशवी उचलली.

"रविवारी पायरीवर लवकर जाऊन बसते," ती म्हणाली. "तुमची जागा धरून ठेवायला हवी."