उपास मोडला कोणाचा?

बारा घरांनी एकाच वेळी आपापलं आवडतं काहीतरी सोडलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते दारातच येऊन बसतात. सत्तरच्या दशकात आमचे हे लाखनीच्या लहानशा चर्चचे पाळक होते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस आले, की हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची!

*

लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन हे बाजारात गेले. शेजारचे शेतकरी गोविंदराव धानाचं पोतं खाली ठेवून म्हणाले, "काहून जी पाळकसाहेब, होळी तं अजून दूर हाय! राख आतापासूनच लावून राहिले?"

*

मार्थाबाईंनी राग सोडला. पाचव्या दिवशी त्यांचे मिस्टर आमच्याकडे हजर. "साहेब, तिले एकडाव भांडू द्या. भाजी सांडली तरी हासते जी. मले भेव लागून राहिलं!"

*

कंपाउंडर सॅम्युएलने मटण सोडलं. लेंटमध्ये रविवार मोजत नाहीत, म्हणून रविवारी तो खायचा. पण धुळवड आली बुधवारी, आणि गोविंदरावांच्या घरून वाटीभर रस्सा आला. यांनी विचारलं, तर मिशी पुसत म्हणतो, "येत्या रविवारचा ॲडव्हान्स घेतला, साहेब!"

*

योहानचं मात्र हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. तो चर्चची घंटा वाजवायचा. दरवर्षी तंबाखू सोडायचा, दरवर्षी चुकायचा, आणि ईस्टरला प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे न येता शेवटच्या बाकावर बसून राहायचा. सात वर्षं!

मी समजावलं, "अरे, कृपा फुकट मिळते. ती कमवायची नसते."

"फुकटचं घ्याले लाज वाटते, बाई. औंदा चाळीसही दिवस काढतो. मंगच येतो."

एकोणचाळीस काढले पठ्ठ्याने! शेवटच्या शनिवारी घंटेचा दोर तुटला. वर चढून त्याने तो बांधला, घामाघूम होऊन उतरला, आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या गोविंदरावांनी पुढे केलेली तंबाखूची चिमूट सवयीने तोंडात टाकली. लगेच थुंकला, पण व्हायचं ते झालं होतं.

ईस्टरच्या सकाळी पुन्हा शेवटचा बाक. यांनी मेजापासून हाक मारली, "योहान, ये."

"माहा उपास मोडला जी. नाई येत."

हे बाकांकडे वळले. मग सगळ्यांना म्हणाले, "ज्यांचा मोडला नाही, त्यांनी उभं राहावं."

कोणी हललं नाही. मार्थाबाई छताकडे बघत होत्या. सॅम्युएलने गीतांचं पुस्तक तोंडासमोर धरलं. मीही खाली मान घालून बसले.

योहानने मागून विचारलं, "आन् तुमी, साहेब?"

यांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. भाकरीचं ताट उचललं आणि चालत शेवटच्या बाकापाशी गेले.

"सरक रे जरा."