साळ्याचं टेक

माझ्या साळ्याइतका धीट माणूस अख्ख्या बुलढाण्यात झाला नसेल. एका इंग्रजी शब्दावर त्यानं सारा जन्म काढला. तो डाकबंगल्यावर पाणी भरायचा. तिथं साहेब लोक चहाले टेक म्हणत, आंघोळीले टेक, औषधाले टेक, फोटो काढायलेही टेक. यानं ठरवून टाकलं की बाकीची इंग्रजी नुसती शोभेची आहे. "भाऊजी, निजामाचं वऱ्हाड साहेबानं कायनं नेलं? याच शब्दानं," असं तो मले भर बाजारात सांगे, अन् मी आजूबाजूले शिपाई शोधत राही. मी दुसरीपर्यंत शिकलेला, तो तेवढाही नाही; पण लाज मलेच वाटायची. देऊळघाटच्या एका लग्नात भटजीच्या सावधानच्या आधीच हा मागून "टेक" म्हणून गरजला. नवरदेवानं दचकून नवरीच्या गळ्यात माळ टाकली, अक्षदा लोकांच्या हातातच राहिल्या. नवरीचा बाप काठी शोधू लागला. माझी बायको तेवढी पदर तोंडात कोंबून हसत होती. तिचा धाकटा भाऊ ना तो.

पोळ्यानंतर ती गेली. दहाव्याले नदीवर पिंड ठेवला, तर कावळे झाडावरून हलेनात. मेलेल्याचा जीव कशात अडकला की कावळा शिवत नाही. मी बोललो, गाय विकणार नाही. पोरीले दिवाळीले आणीन. तुळस वाळू देणार नाही. ऊन डोक्यावर आलं. लोक म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववा अन् चला. तेवढ्यात साळा पुढं झाला, हात जोडून पिंडाले म्हणाला, "टेक, बाई."

मी तर त्याच्या अंगावरच धावलो, पिंडाशी चेष्टा! त्यानं माझं मनगट धरलं, तोंड पिंडाकडंच ठेवलं.

"भाऊजी जेवत नाईत म्हणून अडून राह्यली ना तू? मी रोज समोर बसून जेवू घालीन त्याईले. जाय आता."

कावळा उतरला. दहा दिवस मी धड घास गिळला नव्हता, अन् ती तर जन्मभर माझ्याआधी कधी जेवली नाही. हे मले सुचू नये?

तेव्हापासून रोज दिवेलागणीले तो फडक्यात भाकरी-झुणका घेऊन येतो, ताट सरकवून "टेक, भाऊजी" म्हणतो. मी शिव्या देतो अन् जेवतो. काल त्याले उशीर झाला. शेजारणीनं ताट आणून ठेवलं, भूकही होती. पण तो शब्द कानावर पडेपर्यंत हात काही ताटाकडं गेला नाही.