कालिंदीचे तीन दिवस

एका 'हो'पायी माझी मैत्रीण कालिंदी आठ वर्षं अडकली, असं मी म्हणते. तिला ते आवडत नाही. न आवडू दे.

तिचे यजमान गुरुदत्त बँकेच्या बदलीवर कलकत्त्याला आले आणि अडुसष्ट साली वारले. वैशाली तेव्हा तीन वर्षांची. सांगलीला दिराच्या दारात आश्रित म्हणून राहायचं नव्हतं, म्हणून कालिंदीने इथेच शाळेत नोकरी धरली आणि बागबाजारात खोली बघितली. घरमालकीणही विधवाच, सगळे तिला माशीमा म्हणत. तिने बंगालीत विचारलं, "तुम्ही तीन दिवस पाळता ना?" 'तीन दिवस' म्हटल्यावर मराठी बाईने दुसरं काय समजावं? कालिंदी लाजून म्हणाली, "हो, अगदी कडक." खोली मिळाली.

उलगडा जूनमध्ये झाला. बावीस तारखेच्या सुमाराला, दिवस सगळ्यात मोठा असतो आणि भर दुपारी सावली पायाखाली गडप होते, तेव्हा बंगालात धरणीमाता विटाळशी होते. नांगर थांबतात, माती कुणी उकरत नाही. याला म्हणतात अंबुबाची. आता बाहेरची बसली धरणी, आणि चुलीपासून लांब राहायचं विधवांनी! तीन दिवस फळं, भिजवलेले मूग आणि पाणी. यातली संगती मला कुणीतरी समजावून द्या.

"सांगून टाक, आमच्यात नसतं म्हणून," मी दरवर्षी म्हणायची.

"खोली गेली तर सांगलीच आहे, शकुनताई," ती दरवर्षी म्हणायची.

शहात्तर साली माशीमा लेकाकडे दिल्लीला गेली. अंबुबाचीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दूध आणि चहाची पूड घेऊन कालिंदीकडे गेले. चहावाचून तिचं डोकं फुटायची वेळ आली होती.

"आता कोण बघतंय?" मी म्हणाले.

तिने खिडकी लोटली, स्टोव्हची वात वर केली आणि काडी ओढली. तेवढ्यात गच्चीवरून वैशाली आली. धावत येऊन तिने काडीवर फुंकर मारली आणि आपल्या अर्ध्या बंगाली मराठीत ओरडली,

"आई, आगुन नाही लावायचं! आपल्यात चालत नाही."

"अगं, आपल्यात नसतंच हे," मी म्हणाले.

"असतं! आई दर बछर करते. आई, तू विधवा ना?"

मला वाटलं, आता तरी कालिंदी बोलेल. पण खरं सांगायचं म्हणजे आठ वर्षं लेकीसमोर सोंग केलं हे सांगायचं. तिने काड्यापेटी मुलीच्या हातात दिली. मला तिचा असा राग आला, आणि माझाही.

वैशाली गुणाची पोर. आलेल्या मावशीला तशीच कशी पाठवणार? तिने स्वतः स्टोव्ह पेटवला, आलं ठेचून घातलं आणि एकच कप चहा माझ्यापुढे ठेवला. मी कप उचलला. कालिंदी समोर पलंगावर मुगाची वाटी घेऊन बसली होती.

"साखर बेताची पडलीय ना गं?" कपाकडे बघत तिने मला विचारलं.